ऐनाखालचा पाऊस

हसन, तुझ्या सतरा वह्या माझ्या टेबलावर पडल्या आहेत आणि मला तुझा भयंकर राग आलाय. माणूस गेला की त्याच्याबद्दल चार बरे शब्द लिहायची रीत आहे. ते मी लिहीन, जमलं तर. आधी भांडण संपवू.

तुझा चाळिसावा झाला त्याच्या दुसऱ्या दिवशी नसीमभाभींनी मला मोहल्ल्यात घरी बोलावून घेतलं. वह्या त्यांनी बासमतीच्या रिकाम्या पिशवीत भरून ठेवल्या होत्या. म्हणाल्या, "मास्तर, हे तुम्ही घेऊन जा. डोळ्यांसमोर असलं की वाटतं, हे आत्ता उठतील आणि स्कूटरची चावी मागतील." मी पिशवी उचलली. रिक्षाने करंजाड्याला घरी आलो तर लिफ्ट बंद. चार मजले तुझा पाऊस माझ्या खांद्यावर, आणि प्रत्येक मजल्यावर मी तुला एक शिवी हासडली. ऐकायला कोण होतं म्हणा.

त्याच संध्याकाळी तुझी जमीन आहे त्या गावच्या सरपंचांचा फोन आला. आपल्या खोऱ्याच्या उजव्या हाताच्या डोंगरावर दगडाची नवी खाण मागितलीय आणि पुढच्या महिन्यात त्याची सुनावणी आहे, हे तुला माहीत होतंच. दवाखान्यात नाकात नळी असतानाही तू मला तेच सांगत होतास. "मास्तर, सुनावणीत माझ्या वह्या काढ. पहिली खाण आली तेव्हापासून पाऊस कसा उतरत गेला ते दाखव त्यांना. बोलती बंद होईल." सरपंचही तेच म्हणाले. "गुरुजी, भाईंच्या वह्या तुमीच वाचा. साहेब लोकांना कागूद लागतो, नि आमच्याकडं दुसरा कागूद नाय."

दुसरा कागद नाही, हे खरं. आणि हा कागद चुकीचा आहे, हेही खरं. खोऱ्यातला पाऊस कमी झाला की नाही मला ठाऊक नाही, पण तुझ्या वहीतला पाऊस झाडाने कमी केलाय. हे तुला सांगून सांगून माझा घसा बसला होता. तू ऐकलं नाहीस आणि आता हात झटकून मोकळा झालास. गावासमोर उभं राहायचं मी.

तू परत आलास ते वर्ष आठव. आपण दोघे एका बाकावरचे. मी पनवेलातच राहून भूगोल शिकवत बसलो आणि तू आखातात जाऊन एका विमानतळाच्या कोठारात बावीस वर्षं सुटे भाग मोजलेस. आलास आणि चौथ्या दिवशी मला स्कूटरवर मागे बसवून नेऱ्याच्या पुढे, प्रबळच्या पायथ्याला नेलंस. आजोबांची दीड एकर बघायला. मी तुला सगळं खोरं तिथल्या तिथे शिकवून टाकलं. तळाला भाताची खाचरं, बांधांवर ऐनाची आणि आंब्याची झाडं. वर उतारावर वरकस जमीन, तिच्यात दोन-तीन वर्षं नाचणी नि वरी घ्यायची आणि मग तितकीच वर्षं ती गवताला सोडायची. त्याच्यावर रान आणि रानाच्या डोक्यावर काळा कडा. ढग त्या कड्याला येऊन अडकतात, म्हणून पनवेलात नुसती भुरभुर असते तेव्हा तिथे धो धो कोसळत असतो. तू सगळं ऐकून घेतलंस आणि विचारलंस, "किती जास्त कोसळतो?" मी म्हणालो, ते कुणी मोजलेलं नाही. "मग आपण मोजू की. बावीस वर्षं नटबोल्ट मोजले, पाऊस काय जड आहे?"

शाळेने प्रयोगशाळा साफ करायला काढली होती. जुना पर्जन्यमापक भंगारात चालला होता, तो मी मागून घेतला. आपण तो बांधाजवळ पुरला. नियम मीच सांगितला होता, विसरला नाहीस ना? आसपास जे काही उभं असेल त्याच्या उंचीच्या दुप्पट तरी लांब. सर्वांत जवळ एक ऐन होता, दीड पुरुष उंच. त्याच्यापासून तू स्वतः आठ पावलं मोजलीस. दुसरा नियम, एकदा बसवला की जागा हलवायची नाही, नाहीतर आधीचे आणि नंतरचे आकडे जुळत नाहीत. हा दुसरा नियम तू कलम्यासारखा पाठ केलास. पहिला सोयीस्कर विसरलास.

सोमीबाई तेव्हा कमरेवर हात ठेवून आपला खेळ बघत होती. वाडीवरची ठाकरीण, तुझी जमीन अर्धलीने, म्हणजे निम्म्या पिकावर, करायची. नवरा लवकर गेलेला, एक पोरगा. तिने विचारलं, "भाई, ह्या डब्यात काय धरनार?" तू म्हणालास, "पाऊस." ती म्हणाली, "मावंल काय त्यो?" आणि हसत निघून गेली. पुढे तू आजारी असलास की तीच मोजायची. तिला अक्षर येत नव्हतं, म्हणून काचेच्या मापावर पाणी कुठवर आलं ते ती काडीवर खूण करून ठेवायची आणि तू काडी मापाला लावून आकडा लिहायचास. चौथ्या आणि अकराव्या वहीत अजून काही काड्या आहेत. काल एक माझ्या हातात मोडली.

तो ऐन तेव्हा झाड म्हणावं असा नव्हताच. खोऱ्यातला कुठलाच ऐन नव्हता. थंडी सरली की सोमी कोयता घेऊन चढायची आणि सगळा टाहाळ, म्हणजे पानांच्या कोवळ्या फांद्या, उतरवायची. मागे उरायचा तो नुसता गाठाळ खुंट. टाहाळ वाळला की भाताच्या रोपाची जागा ठरवून तिच्यावर शेण, टाहाळ, गवत, वर माती असं पसरायचं आणि वैशाखात ते धिम्या आगीने भाजायचं. याला राब म्हणतात. तणाचं बी जळतं, माती मोकळी होते आणि रोप तरारून येतं. पाऊस लागला की ऐन पुन्हा पालवायचा आणि पुढच्या साली पुन्हा कोयता. शंभरेक वर्षं तरी असंच चाललं असेल. झाड दीड पुरुषाच्या वर कधी जायचं नाही.

चौथ्या वर्षी तू कोयताबंदी केलीस. सोमीला सांगितलंस, माझ्या बांधावरच्या झाडाला हत्यार लागणार नाही. तुझं मन मला कळत होतं. बावीस वर्षं तू झाड पाहिलं होतंस ते नळीने पाणी पाजलेलं, लोखंडी कुंपणातलं. इथे हिरवं आपोआप उगवतं आणि लोक ते छाटतात, हे तुला पाहवेना. सोमी म्हणाली, "भाई, मग आमी टाहाळ कुठनं आनायचा?" तू म्हणालास, वरून आण, रानात काय कमी आहे. जमीन तुझी होती. त्या वर्षापासून ती टाहाळासाठी पार कड्याखाली जायला लागली, तिथे रानातला गार्ड अडवायचा, कधी भारा टाकून यावं लागायचं. एका वर्षी राब भाजताच आला नाही. रोप पिवळं पडलं, तणात हरवलं, लावणी लांबली आणि भात अर्धाच आला. त्या वहीत तू लिहिलंयस, "ऐनाला या वर्षी पहिल्यांदा फूल आलं. माशाल्ला." भाताबद्दल एक ओळ नाही.

मग आकडे उतरायला लागले. आधी थोडे, मग जास्त. तू वही घेऊन माझ्याकडे धावत आलास. आपल्या खोऱ्याच्या तोंडाशी पहिली खाण सुरू झाली होती. "बघ मास्तर, डोंगर पोखरला आणि पाऊस पळाला." मीही बघितलं आणि मान हलवली. खोटं कशाला सांगू, मलाही ते पटलं होतं. चांगली दोन वर्षं मी ते वर्गात सांगत होतो, आपल्या मोजणीतून सिद्ध झालंय म्हणून. खाणीने पाऊस कमी होईल कसा, हा साधा प्रश्न भूगोलाच्या मास्तराला पडला नाही.

निवृत्त झालो त्या जुलैत मी तुझ्यासोबत खोऱ्यात आलो तेव्हा उलगडा झाला. सकाळचे साडेआठ, तू मापात पाणी ओतत होतास आणि मी छत्री मिटून उभा होतो. दोन मिनिटांनी लक्षात आलं की मी भिजत नाहीये. बाहेर खाचरात सरी उड्या मारतायत आणि आपल्यावर थेंब थेंब. वर पाहिलं तर ऐनाची एक आडवी फांदी बरोबर पर्जन्यमापकाच्या डोक्यावर आलेली. आठ पावलं झाडाने पाच-सहा वर्षांत पार केली होती आणि तू रोज त्याच्याखाली बसून, चष्मा पुसत, पाऊस कमी झाला म्हणून लिहीत होतास.

मी हसलो. तिथेच चुकलो. हसायला नको होतं. तू वर बघितलंस, माझ्याकडे बघितलंस आणि शांतपणे म्हणालास, "मग? पानांवरून टपकतं ते पाणी नाही का?" मी म्हणालो, पडतं त्यातलं निम्मं पानातच राहतं, कधी एका जागी जास्तही टपकतं, याला मोजणी म्हणत नाहीत. फांदी तोड. तू म्हणालास, नाही. मग पर्जन्यमापक हलव. "जागा हलवायची नाही, तूच सांगितलंस." अरे, नियम शहाण्या माणसासाठी असतात. "म्हणजे मी येडा." म्हणजे तू येडा. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही म्हणतात, तुझा तर सुंभही जळत नव्हता.

त्यानंतर किती पावसाळे आपण हेच भांडलो, मोज. नेऱ्याच्या टपरीवर, तुझ्या ओट्यावर, एकदा तर तुझ्या पुतण्याच्या निकाहात जेवणाच्या टेबलावर. मी म्हणायचो झाड काढ, तू म्हणायचास दुसरं बोल. एकदा मी करंजाड्याच्या गच्चीवर प्लास्टिकचा पर्जन्यमापक बसवला आणि तुला आकडे वाचून दाखवले. तू म्हणालास, सिमेंटवर पडतो त्याला पाऊस म्हणू नये. आणि शेवटी, तीन वर्षांपूर्वी, तू सगळ्या वह्या घेऊन माझ्याकडे आलास. तुला त्यांचा एक तक्ता करून हवा होता, ग्रामपंचायतीत लावायला. मी म्हणालो, "हसन, पहिली आठ वर्षं ठेव, बाकीची रद्दीत घाल." तू चहा अर्धा ठेवून उठलास. वह्या एकावर एक रचल्यास, सुतळी बांधलीस आणि जिना उतरलास. त्या दिवशीही लिफ्ट बंद होती.

हे वाक्य मला परत घेता आलं असतं. तीन वर्षं होती. आपण त्यानंतर शंभरदा भेटलो, हापूस चढ्या भावाने घेतले, क्रिकेट बघितलं, भाभींच्या हातची सांदणं खाल्ली. वह्यांचा विषय तू काढला नाहीस आणि मी काढू दिला नाही. दवाखान्यात काढलास तेव्हा मी म्हणालो, "हो हो, दाखवतो." खोटं बोललो. मरणाऱ्या माणसाशी काय भांडायचं, असं मनात म्हटलं. तू हसलास तेव्हा तुला ते कळलं होतं का, हे आता कुणाला विचारू?

गेल्या आठवड्यात वह्या घेऊन खोऱ्यात गेलो. स्कूटर तुझीच, भाभींनी दिली. पूर्वी वरकसावर या दिवसांत गवत कापून झालेलं असायचं, आता अर्ध्या उतारावर कुंपणं आहेत. आत हिरवळ, पाम आणि निळ्या पाण्याचा हौद, शनिवार-रविवारी येणाऱ्यांसाठी. प्रत्येकाची बोअर आहे. नाचणी कुठेच दिसली नाही. सोमीबाई तुझ्या बांधावर बसली होती, तिच्या गुडघ्यांना कसला तरी पाला बांधलेला. मी तिच्याजवळ बसलो आणि कुणाला तरी सांगायलाच हवं म्हणून सगळं सांगितलं. फांदी, आकडे, सुनावणी. म्हटलं, भाईने आयुष्यात माझं ऐकलं नाही.

ती म्हणाली, "भाईंना ठावं व्हतं."

मी विचारलं, काय ठाऊक होतं?

"तुमी वह्यांवरनं भांडलात ना, त्याच पावसात भाईंनी तिकडं, उघड्यावर, दुधाचा डबा मांडला. आठ दिस दोनी ठिकानी मोजलं. मग डबा उचलून लांब फेकून दिला. मना म्हनाले, सोमी, मास्तरला सांगू नको."

मी म्हणालो, मग फांदी का नाही तोडली?

"तोड म्हनाले मना. मी बोलले, आता नाय तोडवत. धा-बारा वर्सं मना डोंगरावर चढवलंत टाहाळासाठी, माझं गुडघं गेलं. दर साली छाटलं असतं तर झाड हाताखाली र्‍हायलं असतं. आता त्या माडीएवढ्या झाडावर कोन चढंल? माझा पोर कळंबोलीला गोदामात हाय, त्याला कोयता धरता येत नाय." मग म्हणाली, "भाई तितंच बसले मग. बोलले, गलती झाली."

गलती झाली. तिला म्हणालास, मला नाही म्हणालास. याचा मला किती राग आला सांगू? मला तेवढे दोन शब्द दिले असतेस तर मी वर्तमानपत्रात छापून आणले असते, हे तुला माहीत होतं, म्हणूनच दिले नाहीस. बरोबर केलंस. मी हसलो असतो. पण मग दवाखान्यात तेच आकडे दाखव म्हणालास ते डोंगरासाठी, की माझ्यासमोर शेवटपर्यंत हरायचं नव्हतं म्हणून?

घरी येऊन रात्रभर नाही, पण दोन दुपारी बसून तुझ्या वह्या पहिल्यापासून वाचल्या. आकडे नाही वाचले. शेवटचा रकाना वाचला, शेऱ्याचा. त्यावरूनही मी तुला टोचायचो, पाऊस मोज, निबंध लिहू नको म्हणून. त्यात सगळं खोरं आहे. पळस कधी फुलला. कारवी कुठल्या वर्षी फुलली आणि मध किती मिळाला. वरच्या टेपाडावर कुणाची नाचणी होती, कुठल्या साली नव्हती, तिथे कुंपण कधी आलं. आणि दर वर्षी न चुकता एक ओळ, वाडीखालचा झरा कधी आटला. पहिल्या वह्यांत तो अक्षय तृतीयेपर्यंत टिकतो. मग होळीपर्यंत. शेवटच्या वहीत, तुझं अक्षर हललेलं आहे, "आज झरा बंद. सोमी पाण्याला खालच्या बोअरवर गेली. संक्रांतीला चार दिवस झाले." झऱ्यावर कुठल्या ऐनाची फांदी आली नव्हती, हसन. ती ओळ खरी आहे. तिला कारण खाण की बोअर की वरकस मोडलं हे, ते मी सांगू शकत नाही, पण पाणी चाललंय एवढं सांगू शकतो. मला हे वाचून तुझे पाय धरावेसे वाटले आणि लगेच, हा माणूस इतकं नीट बघत होता तर डोक्यावरची फांदी कशी दिसली नाही, म्हणून पुन्हा डोकं फिरलं.

काल गावात बैठक झाली. मी सरळ सांगितलं. पावसाचे पहिल्या आठ वर्षांचे आकडे चांगले आहेत, पुढचे धरता येणार नाहीत, पाऊस कमी झाला असं आपल्याला म्हणता येणार नाही. झऱ्याचं म्हणता येईल. आणि एक पावसाळा द्या, मी उघड्यावर दुसरा पर्जन्यमापक लावतो, दोन्हीकडे मोजतो, झाड किती पाऊस खातं ते कळलं की जुने आकडे दुरुस्त करता येतील का बघू. सुनावणी पुढच्या महिन्यात आणि मी पावसाळ्याची गोष्ट करत होतो. मागून एक म्हातारा म्हणाला, "म्हंजे भाईंनी यवढी वर्सं फुकट घालवली?" मी वह्या पुन्हा पिशवीत भरल्या.

बैठक संपल्यावर सरपंचांनी मला बाजूला घेतलं आणि तुझ्या बांधापर्यंत आणलं. चांगला माणूस आहे, तुलाही आवडायचा. त्याच्या घराला तडे गेलेत पहिल्या खाणीच्या सुरुंगांनी. खालच्या आवाजात म्हणाला, "गुरुजी, साहेब जागा बघायला यायच्या आधी झाडच काढूया. मशीनवाला हाय माझ्या वळखीचा, दोन तासांचं काम. पावसाचा डबा उघड्यावर दिसंल. कोन विचारतंय? भाईंच्या वह्याही शाबूत राहतील नि भाईंची इज्जतही."

तुझी इज्जत. तिथे त्याने मला बरोबर पकडलं. इतकी वर्षं मी हेच ओरडत होतो ना, काढ ते झाड. आता काढायला माणूस तयार, मशीन तयार, मालक हरकत घ्यायला नाही. तुझे सगळे आकडे खरे ठरले असते. मोहल्ल्यात, गावात, पंचायतीच्या भिंतीवर तुझ्या नावाचा तक्ता लागला असता. कदाचित डोंगरही वाचला असता, कोण जाणे. मी त्या ऐनाकडे बघत राहिलो. फुलोरा येऊन गेला होता, पंखांची फळं लटकत होती, खाली सावलीत सोमी पाय पसरून बसली होती. मी म्हणालो, नको.

"मग साहेबांना दाखवायचं काय?"

मी म्हणालो, झाड दाखवू, डबा दाखवू, झऱ्याची वही दाखवू. तो म्हणाला, "तुमी दोगं सारखेच." आणि मोटारसायकल काढून गेला. दुखावला आहे. कदाचित सुनावणीत मला बोलूही देणार नाही.

आता खरी गोष्ट, जिच्यासाठी हे सगळं लिहायला बसलो आणि इतका वेळ टाळली. सोमीला कोयता बंद करायला तुला कुणी सांगितलं होतं? मी. चौथ्या वर्षी, भर उन्हात, राबाचा धूर खोऱ्यात पसरला होता आणि मी तुला व्याख्यान दिलं. राब ही मागास पद्धत आहे, झाडं खुरटतात, माती जळते, पुस्तकात असं लिहिलंय. निदान आपल्या बांधावर तरी बंद कर, मी म्हणालो. राब न भाजता रोप कसं करायचं, हे मला ठाऊक नव्हतं आणि सोमीला विचारायची मला गरज वाटली नाही. तू म्हणालास, मास्तर म्हणतोय तर ठीकच असेल. तू माझं ऐकलंस, हसन. आयुष्यात एकदाच ऐकलंस आणि दहा वर्षं पाळलंस. पुढच्या एवढ्या भांडणांत, मी तुला येडा म्हणत होतो तेव्हाही, "तूच सांगितलं होतंस" हे तू एकदाही माझ्या तोंडावर फेकलं नाहीस. पर्जन्यमापकाच्या जागेबद्दल फेकलंस. झाडाबद्दल कधीच नाही. मला वाटायचं, तू विसरलास. आता वाटतं, तू मला वाचवत होतास.

सुनावणीत बोलू दिलं तर मी पहिलं वाक्य हेच म्हणणार आहे, झाड वाढू द्या असं मी सांगितलं होतं. सोमीबाईला ते काल सांगून आलो. ती म्हणाली, "मना ठावं हाय. मी तितंच व्हते." सगळ्यांना ठाऊक होतं. फक्त चूक माझी होती, हे तुला मी म्हणालो नाही. तू ऐकून घेतलं असतंस, चष्मा पुसला असतास, "चल मास्तर, चहा पिऊ" म्हणाला असतास आणि दोन मिनिटांत विषय संपला असता.